दख्खनचे तांबडे मद्य

हुणसूर हे तंबाखूचे गाव. लक्ष्मणतीर्थेच्या काठच्या या मुलखात शेतकऱ्याचे वर्ष भट्टीवर आणि तंबाखू मंडळाच्या लिलावावर मोजले जाते. अशा ठिकाणी राहून द्राक्षमद्यावर लिहावे, हे काहींना खटकेल. परंतु हे पीक आपल्या मायभूमीचे असून त्याचा धागा कर्नाटकातही येऊन पोहोचतो, म्हणून हा प्रपंच. (वैद्यबुवा देतात ते द्राक्षासव हे नव्हे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे!)

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात इटलीच्या मद्याचा उल्लेख आहे. नेवासे येथील उत्खननात रोमन मद्यकुंभांची खापरेही मिळाली. पण ते मद्य परदेशातून आलेले. नाशिककडे द्राक्षबागांचा आरंभ १९२५ च्या सुमारास ओझरला रावसाहेब जयराम गायकवाड यांनी केला, असे मानतात. तीही खाण्याची द्राक्षे. पुढे १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावी फेसाळ मद्य सिद्ध केले. २००० साली राजीव सामंत यांच्या ‘सुला’चे पहिले मद्य आले, तेही पांढरे. २००१ साली महाराष्ट्र शासनाने विंचूर व पलूस येथे मद्योद्यानांचे धोरण आखले. गडद तांबड्या मद्याची कीर्ती झाली ती त्यानंतर, विशेषतः दिंडोरीच्या शिराझची.

तांबड्या मद्याचा रंग रसात नसतो, सालीत असतो. म्हणून रस सालींसह आंबवितात. सालीबियांचा तुरटपणा त्यात उतरतो, आणि निवडक मद्य ओकच्या पिंपांत मुरत ठेवतात. युरोपात वेल हिवाळ्यात निजते. दख्खनची वेल निजतच नाही! तिला वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते : एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरता गोडी छाटणी. फळ पिकते ते जानेवारी ते मार्चमध्ये. उबदार दिवस साखर भरतात, गार रात्री आंबटपणा राखतात. तेथे भाद्रपदात होणारा खुडा आपल्याकडे शिशिरात होतो तो असा.

कर्नाटकात हेच काम कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ पासून नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी दोड्डबळ्ळापूरला केले. फ्रान्सचे मिशेल रोलाँ त्यांचे सल्लागार होते. काबर्ने आणि शिराझ यांच्या मिश्रणाचे ‘ला रिझर्व्ह’ हे त्यांचे तांबडे मद्य नावाजले गेले. २०१२ साली ही संस्था इगतपुरी तालुक्यातील सांजेगावच्या मद्यशाळेशी एक झाली, आणि नंदी व सह्याद्री एका नावाखाली आले.

या कथेतील शेतकऱ्याची बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. खाण्याचे द्राक्ष बाजारात विकले गेले नाही तर त्याचा बेदाणा होतो. शिराझचे मणी बारीक, जाड सालीचे, बियांचे; ते मद्यशाळेखेरीज कोणी घेत नाही. येथे हुणसूरला तंबाखूला निदान लिलावाचा ओटा आहे, तेथे बोली लागते. मद्याच्या द्राक्षाला तसा ओटा नाही, केवळ करार. २००८ च्या जागतिक मंदीनंतर मागणी घटली तेव्हा कराराचा आधार किती कच्चा आहे ते नाशिककरांना कळले. अनेकांनी वर्षानुवर्षे जोपासलेल्या वेली उपटल्या आणि त्याच मांडवांवर पुन्हा खाण्याची द्राक्षे चढविली.