बडोद्याची पुस्तकांची पेटी

आपल्या प्रत्येक बचत गटाची एक पेटी असते. पासबुकं, नोंदवही, शिक्का, सगळं तिच्यात. तिला कुलूप असतं आणि ती कुणाच्या घरी ठेवायची यावर कधी कधी रुसवेफुगवेही होतात. आज मी अशाच एका पेटीची गोष्ट सांगणार आहे. फक्त तिच्यात पैसे नव्हते, पुस्तकं होती.

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकरी घरातला गोपाळ नावाचा मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीला दत्तक गेला. बारा वर्षांचा होता, तोवर अक्षरओळखही नव्हती. राजवाड्यात गेल्यावर तो शिकला. हेच आपले सयाजीराव गायकवाड. लिहिता-वाचता येत नसलं की माणूस किती अडतो, हे त्यांनी स्वतः भोगलेलं होतं. म्हणूनच असेल, 1906 साली त्यांनी सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलांना आणि मुलींनाही.

पण शाळा सुटल्यावर पुढे काय? घरात पुस्तक नाही, विकत घ्यायला पैसे नाहीत. शिकलेली अक्षरं दोन-चार वर्षांत पुसली जातात. आपल्यातल्या कितीजणी चौथी शिकल्या आणि आज सही करताना अडखळतात, ते आपण जाणतोच.

अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तिथली वाचनालयं पाहिली होती. 1910 साली त्यांनी तिथून विल्यम बॉर्डन नावाच्या जाणकार ग्रंथपालाला बोलावून घेतलं. बडोदा तेव्हा लाखभर वस्तीचं शहर. तिथे मध्यवर्ती वाचनालय सुरू झालं, त्यासाठी महाराजांनी राजवाड्यातली स्वतःची वीस हजार पुस्तकं देऊन टाकली. वर्गणी नाही, जातीची अट नाही. बायकांसाठी वेगळा विभाग, मुलांसाठी वेगळा. 1911 साली ग्रंथपालांना शिकवणारा वर्गही तिथे निघाला. ज्याला वाचनाची आवड त्याला ही कामगिरी, एवढ्यावर न थांबता माणसं तयार केली.

आता पेटीकडे येते. शहरात वाचनालय झालं, पण खेड्यातली बाई शहरात कशी जाणार? मग वाचनालयच खेड्यात निघालं. भक्कम लाकडी पेटीत 15 ते 30 पुस्तकं भरायची आणि गावाकडे रवाना करायची. गावानं ती वाचायची, परत पाठवायची, मग दुसरी मागवायची. जाण्यायेण्याचं भाडं सरकार भरत असे.

ज्या गावाला स्वतःचं वाचनालय हवं, त्याच्यासाठी हिशोब साधा होता. ठरलेल्या मर्यादेपर्यंत गावकऱ्यांनी जेवढे पैसे जमवले, तेवढेच प्रांताची पंचायत घाली आणि तेवढेच सरकार. म्हणजे तिसरा हिस्सा गावाचा. फुकट मिळालेल्या वस्तूला कुणी जपत नाही. आपला रुपया घातला की लक्ष राहतं. बचत गट चालवणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. हे काम गावोगाव नेण्यात मोतीभाई अमीन यांचा मोठा हात होता.

आणि ज्यांना वाचताच येत नव्हतं? त्यांनाही विसरले नाहीत. पडद्यावर दिव्याच्या उजेडात चित्रं दाखवायची, पुढे सिनेमाही दाखवायचा, ही जबाबदारी वाचनालय खात्याचीच होती.

1931 साली बडोद्यात मांडवी भागात या वाचनालयाची मोठी इमारत झाली. पुस्तकांच्या दालनात लोखंडी घोडे आणि पायाखाली जाड काचेची जमीन, म्हणजे खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोहोचावा. ते वाचनालय आजही चालू आहे.

आपल्या महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान असतं. म्हणजे पुस्तकं आपल्याही हक्काची आहेत. पण मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा तिथल्या वाचनालयात पेपर वाचत सगळी पुरुष मंडळी बसलेली असत. डोक्यावरचा पदर सावरत मी त्या दारावरून कितीदा गेले असेन, आत पाऊल टाकलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. कुणी बोलावलंही नव्हतं.

म्हणून मला त्या पेटीचं मोल वाटतं. दार उघडं ठेवलं म्हणजे काम संपलं, असं बडोद्यानं मानलं नाही.

तर बायांनो, पुढच्या बैठकीत एवढं करून बघू. आपापल्या गावात वाचनालय आहे का, त्याचा वर्ग कोणता, हे विचारून येऊ. गटाच्या नावानं दहा पुस्तकं महिनाभर मिळतील का, तेही विचारू. जिला वाचता येतं तिनं वाचायचं, बाकीच्यांनी शेंगा फोडत ऐकायचं. पैशाची पेटी आपण इतकी वर्षं सांभाळली. शेजारी आणखी एक ठेवायला जागा नक्की होईल.