संत्र्यांतले कोकेन, विड्यातले कोकेन

३० सप्टेंबर २०२२. महसूल गुप्तचर संचालनालयाने वाशीत आयात संत्र्यांचा एक ट्रक अडवला. व्हॅलेन्सिया संत्र्यांच्या खोक्यांत दडवलेले १९८ किलो मेथॅम्फेटामिन आणि ९ किलो कोकेन हाती लागले. आठवडाभरातच न्हावा शेवा बंदरात, पेअर आणि हिरव्या सफरचंदांच्या कंटेनरमधून, आणखी सुमारे ५० किलो कोकेन निघाले.

कोकेन म्हणजे अलीकडच्या श्रीमंत पार्ट्यांचे व्यसन, असा आपला समज असतो. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, खाडीपलीकडच्या मुंबईत, ते पानाच्या विड्यातून खाल्ले जात होते. हा थ्रेड त्या विड्याविषयी.

कोका ही दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतील वनस्पती. तिची पाने चघळण्याची तेथील प्रथा हजारो वर्षांची आहे. त्या पानांतील मूळ द्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट नीमान याने १८६०च्या सुमारास वेगळे केले. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने दाखवून दिले की, याचे थेंब घातल्यास रुग्ण जागा असतानाही डोळ्याची शस्त्रक्रिया करता येते. वैद्यकात खळबळ उडाली आणि युरोपीय कारखान्यांतली ही पांढरी भुकटी औषध म्हणून जगभर पोहोचली. हिंदुस्थानातही ती आली आणि थोड्याच वर्षांत औषधांच्या दुकानातून पानाच्या दुकानात उतरली.

पानच का? येथे रसायनशास्त्र मोठे रंजक आहे. अँडीजमधले लोक कोकाच्या पानांबरोबर राख किंवा चुना तोंडात धरतात. चुना अल्कधर्मी असतो. त्याच्या सान्निध्यात कोकेनचे रूप बदलते आणि ते तोंडाच्या अस्तरातून सहज रक्तात उतरते. आपल्या विड्यात चुना पिढ्यान्‌पिढ्या आहेच! पेरूचे नावही न ऐकलेल्या मुंबईकराच्या हाती अँडीजचीच युक्ती आयती आली होती.

विडा तोंडात धरताच जीभ बधिर होई. मज्जातंतूंतून संदेश पुढे सरकतो तो सोडियमच्या सूक्ष्म मार्गांतून. कोकेन ते मार्गच बंद करते. कोलरच्या रुग्णाला वेदना जाणवली नाही ती याच कारणाने.

मेंदूतला खेळ मात्र वेगळा. सुखाच्या क्षणी एक पेशी डोपामिन सोडते आणि काम झाल्यावर ते परत आत ओढून घेते. कोकेन हे परतीचे दार अडवते. डोपामिन दोन पेशींमधल्या फटीत साचत राहते. माणसाला विलक्षण हुशारी, आत्मविश्वास वाटू लागतो, भूक आणि थकवा जाणवेनासा होतो. शीण शरीरात तसाच असतो, फक्त त्याची वर्दी मेंदूपर्यंत जात नाही. त्याच वेळी रक्तवाहिन्या आकसतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. ऐन तारुण्यातही हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊ शकतो. तासाभरात अंमल ओसरतो आणि उदासी उरते. वारंवार सेवनाने मेंदू या पुराशी जुळवून घेतो, मग साध्या गोष्टींतले सुख फिके पडते आणि पुढचा विडा हवासा वाटतो.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच बंगाल आणि मुंबई सरकारांनी कोकेनच्या विक्रीवर कडक निर्बंध आणले. वाचताना हे प्रजाहितदक्ष वाटते. पण हेच सरकार परवाना दिलेल्या दुकानांतून अफू विकत होते, आणि १८९३-९४च्या भांग-गांजाविषयक आयोगाने सरसकट बंदी नको असाच कौल दिला होता. अफू-गांजाचा महसूल तिजोरीत येई. कोकेन परदेशी कारखान्यांचे, त्यातून सरकारला मिळकत नगण्य. बंदीची तत्परता निव्वळ लोकांच्या काळजीपोटी होती, असे मला तरी वाटत नाही.

बंदीने माल थांबला नाही, चोरवाटांनी येऊ लागला. पहिल्या महायुद्धाने जर्मन पुरवठा विस्कळीत झाला. पुढे १९२०च्या दशकात जपानी बनावटीचे कोकेन दिसू लागले. ‘फुजित्सुरू’ नावाच्या वेष्टनातला माल तर हिंदुस्थानातल्या जप्त्यांत पुनःपुन्हा सापडे.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. या काळाची बहुतेक माहिती पोलिसांच्या आणि अबकारी खात्याच्या अहवालांतून येते. त्यांत विडा खाणारा भेटतो तो आरोपी म्हणून. त्याची झोप का उडाली, छाती का धडधडते, हे विचारणे त्या लेखनिकाचे काम नव्हतेच.

१९३०चा घातक औषधी द्रव्यांचा कायदा आला, आणि १९८५ मध्ये आजचा एनडीपीएस. त्यानुसार कोकेनची ‘अल्प मात्रा’ २ ग्रॅमपर्यंत आणि ‘व्यावसायिक मात्रा’ १०० ग्रॅमची. तिथून किमान १० वर्षांची सक्तमजुरी. वाशीच्या त्या खोक्यांत याच्या ९० पट माल होता.