हॅकिंटॉश : आरंभ आणि पडदा

अ‍ॅपलची मॅकओएस ही प्रणाली सुटे भाग जोडून तयार केलेल्या अन्य संगणकावर चालविण्याच्या उद्योगास ‘हॅकिंटॉश’ हे नाव रूढ झाले. ‘हॅक’ व ‘मॅकिंटॉश’ ह्यांचा हा संकर. शब्दांचा सांधा जितका सहज जुळला तितका यंत्र व प्रणाली ह्यांचा जुळला नाही. ह्या उद्योगाचा इतिहास बहुधा कायद्याच्या अंगाने सांगतात. सायस्टार ह्या कंपनीने २००८ मध्ये असे संगणक विकावयास काढले व २००९ च्या डिसेंबरात न्यायालयाने त्यास कायमची मनाई केली, हे प्रसिद्धच आहे. परंतु घरी स्वतःपुरता संगणक जुळविणारे त्यामुळे थांबले नाहीत. त्यांची वाट कोठे अडली हे पाहावयाचे, तर न्यायालयाऐवजी काळ्या पडलेल्या पडद्याकडे वळले पाहिजे.

जून २००५ मध्ये अ‍ॅपलने इंटेलच्या प्रोसेसरांकडे वळण्याचे जाहीर केले. प्रोसेसर एक झाला, तरी यंत्र सुरू होण्याची रीत भिन्नच राहिली. मॅक ईएफआयवर सुरू होई; इतर संगणकांत तेव्हा बहुधा जुने बायोसच असे. शिवाय एसएमसी ह्या अ‍ॅपलच्या चिपमधील किल्ली प्रणाली तपासून घेई. आरंभीचा उपाय धसमुसळा होता : प्रणालीच्याच फाइली बदलावयाच्या. अ‍ॅपलची पुढील आवृत्ती आली की सारे कोसळे. कॅमेलिअन, क्लोव्हर आणि २०१९ मधील ओपनकोअर ह्या बूटलोडरांनी निराळी वाट धरली. प्रणाली जागी होण्यापूर्वीच तिच्याभोवती मॅकचा आभास उभा करावयाचा. दोष शोधण्याची रीतही बसत गेली. विस्तृत नोंद मागितली की पडद्यावर ओळी सरकत. मूळ डिस्कची वाट पाहत असल्याची ओळ येऊन निषेधचिन्ह उमटले, तर बहुधा यूएसबी किंवा साटा कंट्रोलर ओळखला गेलेला नसे. अर्थात शेवटची ओळ हीच गुन्हेगार असे नव्हे. पुष्कळदा ती केवळ साक्षीदार असे.

पडद्याची अडचण निराळ्या जातीची. ओळी सुरळीत सरकाव्यात आणि ऐन वेळी पडदा काळा व्हावा! इंटेलच्या अंतर्गत ग्राफिक्सला योग्य ओळखक्रमांक दिला, जोडण्यांचा क्रम सुधारला, की पुष्कळदा पडदा उजळे. ही सर्व सोंगे ओळखीपुरती होती. ड्रायव्हरच नसेल तेथे सोंग निरुपयोगी. २०१८ च्या मोहावे आवृत्तीने मेटल अनिवार्य केले, आणि एनव्हीडियाच्या मॅक्सवेल व पास्कल कार्डांचे ड्रायव्हर २०१७ च्या हाय सिएराच्या पुढे आलेच नाहीत. जुन्या केप्लर कार्डांना अ‍ॅपलचे ड्रायव्हर होते. तेही २०२१ च्या माँटेरीत गेले. महाग कार्ड घेतलेल्यांनी एक तर जुन्या आवृत्तीवर राहावे, नाहीतर एएमडीचे कार्ड आणावे. आपल्या पसंतीचे भाग निवडता यावेत म्हणून जो उद्योग आरंभिला, त्यातील सर्वांत महत्त्वाच्या भागाची निवड अशा रीतीने पुन्हा अ‍ॅपलच्याच हाती गेली.

नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले. २०२५ ची टाहो ही इंटेलवर चालणारी अखेरची आवृत्ती असल्याचे अ‍ॅपलने जाहीर केले आहे. तिच्या पुढील आवृत्तीत बूटलोडरने जागे करावे असे इंटेलसाठी काही उरत नाही.