आठशे मीटर आणि आपले गुडघे

दारव्ह्यात पहाटे पोलीस भरतीसाठी डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या मुली आपण पाहतोच. आमच्या बचत गटातल्या एका ताईची लेक त्यांतलीच. तिचा गुडघा दुखू लागला आणि घरचे म्हणाले, पोरींचं शरीर धावण्यासाठी नसतंच.

हे बोलणं जुनंच आहे. १९२८ साली अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. त्यांना झेपत नाही म्हणून ती शर्यतच काढून टाकली. ती परत यायला १९६० उजाडलं. बायकांची मॅरेथॉन तर १९८४ साली आली. आणि २०१६ मध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धावली. भरतीत आपल्या मुलींनाही तेच ८०० मीटर धावायचे असतात.

आम्ही ताईला म्हटलं, धावणं सोडू नका, पद्धत बदला. आधी विश्रांती, मग मातीचं मैदान. अंतर हळूहळू वाढवायचं, मांड्यांचे व्यायाम करायचे. सूज आली किंवा गुडघा अडकला तर डॉक्टरांना दाखवायचं. तिचे बूट झिजले होते. नव्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज दिलं. लेक आता शाळेच्या मैदानावर धावते. हप्ताही वेळेवर येतो.