गफ्फार बेग मुन्शी आणि मिशनची शाळा

महात्मा जोतीराव फुले यांच्या चरित्रात एक प्रसंग येतो आणि चार ओळींत संपतो. जोतीबांचे वडील गोविंदराव फुलांचा व्यवसाय करीत. मुलगा सात-आठ वर्षांचा झाल्यावर त्यांनी त्याला शाळेत घातले. पण माळ्याच्या पोराने अक्षर गिरवायचे कशाला, असे कान भरणारे लोक भेटले आणि १८३८ च्या सुमारास शाळा सुटली. मुलगा मळ्यात राबू लागला. रात्री मात्र दिव्याच्या उजेडात तो पुस्तक घेऊन बसे. शेजारच्या दोघांनी हे पाहिले. एक उर्दू-फारसी शिकवणारे गफ्फार बेग मुन्शी, दुसरे लेजिट साहेब. दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

लेजिट साहेब ख्रिस्ती होते. त्यांनी मिशनची शाळा सुचवावी यात आश्चर्य नाही. पण गफ्फार बेग? फारसीचा एक मुसलमान शिक्षक शेजाऱ्याच्या मुलाला पाद्र्यांच्या शाळेत पाठवा म्हणतो, आणि तेही अशा काळात जेव्हा त्याचे स्वतःचे जातभाई त्या शाळेच्या पायरीला पाय लावायला तयार नव्हते. चरित्रकारांनी इथे थांबायला हवे होते. ते थांबले नाहीत, म्हणून आपण थोडे थांबू.

या शाळांची सुरुवात शहरात झाली नव्हती. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले पाद्री १८२३ मध्ये आले ते कोकणात, बाणकोटच्या किनाऱ्यावर. बाणकोट, हर्णै हा भाग आपल्या कोकणी मुसलमानांच्या ओळखीचा. खाडीच्या दोन्ही अंगांना मोहल्ले, मशिदी, गलबतांवर कामाला गेलेले पुरुष. तिथे या पाद्र्यांनी मराठी शाळा काढल्या, आणि पुढे त्यांनी आपला मुक्काम पुणे-मुंबईकडे हलवला. पुण्याची शाळा जेम्स मिचेल यांच्या देखरेखीखाली वाढली. मुंबईचे नाव गाजवले जॉन विल्सन यांनी. १८२९ साली पत्नी मार्गारेटसह ते हिंदुस्थानात आले, हर्णैला राहून मराठी शिकले आणि १८३२ मध्ये गिरगावात अंब्रोळीला त्यांनी इंग्रजी शाळा उघडली. आजचे विल्सन कॉलेज हे त्याच रोपाचे झाड.

शाळा कशी होती? फी नाही किंवा नाममात्र. प्रार्थना आणि बायबलचा तास चुकवता येत नसे. त्याखेरीज इंग्रजी व्याकरण, गणित, भूगोल, इतिहास, मराठी. पाद्र्यांनी हेतू कधी लपवला नाही. मुलगा इंग्रजीसाठी येईल, येता येता येशूपर्यंत पोहोचेल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. मुलांचे आईबाप दुसरा हिशेब करीत. पोरगा इंग्रजी घेऊन कचेरीत लागेल आणि बायबल शाळेतच ठेवून घरी येईल. बहुतेक वेळा आईबापांचा हिशेब खरा ठरला, पण नेहमी नाही.

१८३९ साली विल्सनच्या शाळेतल्या पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. धनजीभाई नौरोजी त्यांतले एक. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेले आणि शाळेतली मुले भराभर निघून गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला कोर्टाने आईबापांच्या ताब्यात दिले, आणि मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावर ब्राह्मण समाजात मोठे वादळ उठले. बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन घ्यावे या बाजूचे होते. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, विल्सन आणि मिचेल फ्री चर्चकडे गेले. घराबाहेरच्या भांडणाला आपण कायम घाबरतो. हे त्यांच्या घरातले भांडण होते.

आता मुसलमानांकडे वळू. ते या शाळांत फारसे गेले नाहीत. याचे कारण विचारले की आपल्यातला सुशिक्षित माणूस पटकन म्हणतो, मौलवींनी अडवले. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच मला ते पुरेसे वाटत नाही. विल्सन हे नुसते शिक्षक नव्हते. १८३० पासून ते ‘ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर’ हे मासिक चालवीत. मोरभट दांडेकरांशी त्यांनी हिंदू धर्मावर जाहीर वाद घातला, तसाच १८३० च्या दशकात इस्फहानचे हाजी मुहम्मद हाशिम यांच्याशी इस्लामवर लेखी वाद केला, आणि इस्लामचे खंडन करणारे पुस्तक छापले. जो माणूस सकाळी तुमच्या मुलाला भूगोल शिकवतो आणि संध्याकाळी तुमच्या रसूलविरुद्ध पुस्तक लिहितो, त्याच्या हवाली मूल करायला कोणता बाप राजी होईल? पारशी आणि ब्राह्मणांचा अनुभव डोळ्यांसमोर होताच. भीती अडाणी नव्हती.

शिवाय सगळे मुसलमान इंग्रजी विद्येला पाठ फिरवून बसले होते हेही खरे नाही. १८४० मध्ये मुंबईत बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले, त्यात जगन्नाथ शंकरशेट यांच्याबरोबर मुहम्मद इब्राहिम मुकबा हे कोकणी मुसलमान सदस्य होते. बद्रुद्दीन तय्यबजी सरकारी एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि १८६० साली विलायतेला गेले. म्हणजे ज्यांना परवडले त्यांनी मिशन टाळून दुसरी वाट धरली. ज्यांना ती वाट नव्हती, त्या जुलाह्या, खाटीक, खलाशी, बागवान यांच्या मुलांना मकतब सोडले तर काही उरले नाही. वाद धर्माचा होता, किंमत गरिबाने दिली.

गफ्फार बेग यांचे मोठेपण मला इथे दिसते. फारसी हे दरबाराचे आणि कचेरीचे चलन होते. ते त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत होते. १८३७ च्या कायद्याने तर कंपनी सरकारला कचेऱ्यांतून फारसी काढून देशी भाषा आणायची मोकळीक मिळाली. आपल्या विद्येची पत घसरताना पाहणारा शिक्षक दोनच गोष्टी करू शकतो. नव्या विद्येला शिव्या देणे, नाहीतर ती कुणाला तरी मिळवून देणे. मुन्शींच्या मनात काय होते हे कागदावर नाही. हा माझा तर्क आहे. पण त्यांनी केले ते दुसरे.

आणि त्या मुलाचे झाले काय? तो ख्रिस्ती झाला नाही. त्या शाळेच्या बाकावर त्याला सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर, सखाराम यशवंत परांजपे हे ब्राह्मण मित्र मिळाले. पुण्यासारख्या शहरात माळी आणि ब्राह्मण मुलगे एका बाकावर बसणे हाच मोठा धडा होता, आणि तो बायबलच्या तासाला नसून सगळ्या तासांना चालू होता. १८४७ मध्ये शिक्षण संपले, त्याच वर्षी त्यांनी थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. पेन म्हणजे पाद्र्यांचा वैरी. मिशनने शिकवलेल्या इंग्रजीनेच मिशनला न मानणारा लेखक गाठता आला, ही गंमत मिचेलसाहेबांच्या लक्षात आली असेल का कोण जाणे. १८४८ मध्ये गोवंड्यांच्या ओळखीने जोतीराव अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांची मुलींची शाळा पाहून आले आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांनी स्वतः मुलींची शाळा काढली. पुढे त्यांनी पैगंबरांवर ‘मानव महंमद’ हे काव्यही लिहिले. मिशनच्या शाळेत शिकलेल्या माणसाने ते लिहावे, आणि आपल्या घरांत ते फारसे वाचलेही जाऊ नये!

घरातून बाहेर पडावे लागल्यावर फुले दांपत्याला उस्मान शेख यांनी आसरा दिला असे चरित्रकार सांगतात. फातिमा शेख यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. २०२५ च्या जानेवारीत त्या झाल्याच नाहीत असा दावा कुणी केला आणि मोठा गदारोळ झाला. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे; शाळेचा भार तिच्यावर पडला असेल याची काळजी त्यात आहे. पण एवढ्या मोठ्या बाईसाठी एवढाच कागद उरावा, याला जबाबदार कोण? मिशनने आपली हजेरीपत्रके, अहवाल, पत्रे जपून ठेवली. आपण गफ्फार बेग यांचे गाव कोणते, मजार कुठे, हेही विचारले नाही.

आज गोवंडीच्या शिवाजीनगर-बैंगनवाडीतला बाप मुलासाठी चेंबूरच्या मिशनरी शाळेच्या दारात फॉर्मसाठी उभा राहतो. बायबलची भीती आता त्याला वाटत नाही. भीती वाटते ती फीची, आणि पत्त्याच्या रकान्यात गोवंडी लिहिण्याची. दीडशे वर्षांपूर्वी शाळा बोलवीत होती आणि आम्ही जात नव्हतो. आता आम्ही जातो.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दोन कैफियती आल्या. एक जोतीरावांची. बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाऐवजी रयतेच्या प्राथमिक शाळांना द्या, असे तिचे म्हणणे. दुसरी बद्रुद्दीन तय्यबजींची, मुंबई इलाख्यातले मुसलमान मागे का राहिले हे मांडणारी. तय्यबजी आणि त्यांचे बंधू कमरुद्दीन, मुहम्मद अली रोगे, मुन्शी गुलाम मुहम्मद यांनी १८७४ मध्ये अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली होती आणि १८८० मध्ये शाळा सुरू झाली होती. तिची योजना पाहिली तर मिशनच्या शाळेचाच आराखडा दिसतो. इंग्रजी, गणित, भूगोल तेच. बायबलच्या जागी दीनियात. पाद्र्यांशी जे भांडण चाळीस वर्षे चालले, त्याचा निकाल असा लागला. विल्सन कॉलेजची चौपाटीवरची इमारत १८८९ मध्ये उभी राहिली, बोरीबंदरसमोरची अंजुमनची १८९३ मध्ये.