हिब्रॉनचे उपासनामंदिर : शब्द आणि मौन

एखाद्या लहान आदिम जमातीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, की तिचा इतिहास दोन ठरावीक रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत मिशनरी उद्धारक असतो, दुसरीत तो संस्कृतीचा मारेकरी. जमात मात्र दोन्हींत मुकीच राहते. कॅनडातील लॅब्राडोरच्या उत्तर किनाऱ्यावर हिब्रॉन नावाची इनुइट लोकांची एक वस्ती होती. तिच्याविषयी वाचताना या दोन्ही रीती आम्हांला अपुऱ्या वाटल्या.

जर्मनीतील हर्नहुट येथे केंद्र असलेल्या मोरेव्हियन पंथाच्या मिशनऱ्यांनी 1771 मध्ये याच किनाऱ्यावरील नेन येथे पहिले ठाणे वसवले. हिब्रॉनचे ठाणे 1831 चे. नेनच्याही उत्तरेस, सुमारे 200 किलोमीटर दूर. बाहेरच्या जगाशी मुख्य दुवा म्हणजे लंडनहून वर्षातून एकदा येणारे 'हार्मनी' हे जहाज. उपासनामंदिर, मिशनऱ्यांचे निवास आणि दुकान एकाच लांबलचक इमारतीत होते. श्रद्धा आणि व्यापार एका छपराखाली नांदत असल्याने जो प्रार्थना शिकवी, त्याच्याच खातेवहीत शिकाऱ्याचे कर्जही लिहिलेले असे.

लोकांचे वर्ष शिकारीने आणि सणांनी मिळून आखलेले होते. नाताळ ते ईस्टर कुटुंबे हिब्रॉनमध्ये एकत्र राहत. ईस्टर झाला की ती सील, कॅरिबू आणि पुढे मासे यांच्या मागे किनाऱ्यावर पांगत. मंदिरात स्त्रिया एका बाजूस, पुरुष दुसऱ्या बाजूस बसत. विवाहित, अविवाहित तरुण, तरुणी अशा प्रत्येक गटाचा स्वतंत्र सण असे. ईस्टरच्या पहाटे पितळी वाद्यांचा मेळ दफनभूमीकडे निघे. मिशनऱ्यांनी ढोलनृत्य आणि अंगाकोक म्हणजे मांत्रिक-वैद्य यांना विरोध केला. ही हानी लहान नव्हे. परंतु व्हायोलिन, ऑर्गन आणि जर्मन भक्तिगीते इनुइट वादक-गायकांनी इतकी आत्मसात केली, की पुढील पिढ्यांना ती वाडवडिलांचीच वाटू लागली. मिशनऱ्यांनी त्यांच्या इनुट्टिटुट भाषेसाठी रोमन लिपी योजली आणि लेखन-वाचन शिकवले.

या साक्षरतेतून जे उपजले, ते साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष पाहावे. हिब्रॉनच्या अब्राहमला इतिहास 'अब्राहम उल्रिकब' म्हणून ओळखतो. 'उल्रिकब' म्हणजे 'उल्रिकेचा'. पत्नीच्या नावाने ओळखला जाणारा हा व्हायोलिनवादक 1880 च्या ऑगस्टमध्ये पत्नी, दोन लहान मुली आणि पुतण्या यांच्यासह युरोपला निघाला. बाप्तिस्मा न घेतलेले तिघांचे आणखी एक कुटुंब सोबत होते. हागेनबेक या व्यापाऱ्याच्या 'मानव-प्रदर्शना'साठी त्यांना नेले जात होते. मिशनऱ्यांची संमती नव्हती. पण अब्राहमच्या डोक्यावर दुकानाचे कर्ज होते आणि मनात युरोप पाहण्याची इच्छा. देवीची लस न टोचल्यामुळे आठही जण जानेवारी 1881 पर्यंत मरण पावले. अब्राहमने मातृभाषेत लिहिलेली रोजनिशी मागे राहिली. मूळ प्रत हरवली असून ती आज आपल्याला मिशनऱ्याने केलेल्या जर्मन भाषांतरातूनच भेटते. तीत प्रार्थना आहेत, मुलीचा मृत्यू आहे आणि कुंपणात घुसणाऱ्या बर्लिनच्या गर्दीला चाबूक व हार्पून घेऊन पिटाळल्याचा प्रसंगही आहे. जे त्याला 'रानटी' म्हणून पाहायला आले, त्यांच्याच धर्माचा तो श्रद्धावान अनुयायी होता आणि तोही त्यांना न्याहाळून लिहीत होता.

1918 मध्ये 'हार्मनी'नेच इन्फ्लुएंझाची साथ आणली. हिब्रॉन वस्तीतील सुमारे 100 जणांपैकी 86 दगावले. तरीही वस्ती पुन्हा उभी राहिली.

ती मोडली 1959 मध्ये. सरपण दुर्मीळ, घरे दाटीची, रोगराई फार, सोयी पुरवणे खर्चाचे अशी कारणे पुढे करून शासन, आरोग्यसेवा चालवणारी ग्रेनफेल संस्था आणि मोरेव्हियन मिशन यांनी हिब्रॉन बंद करण्याचे ठरवले. हा निर्णय त्या वसंतात लोकांना उपासनामंदिरात सांगण्यात आला. मंदिरात वाद घालू नये, हा सव्वाशे वर्षांचा संस्कार होता. लोक गप्प राहिले आणि ते मौन संमती मानले गेले. 200 हून अधिक माणसे नेन, होपडेल, मकोविक अशी विखुरली. आप्तांची ताटातूट झाली, घरे अपुरी पडली आणि अनोळखी किनाऱ्यावर शिकारीच्या जागा आधीच इतरांच्या होत्या.

ज्या श्रद्धेने अब्राहमच्या हाती लेखणी दिली, त्याच श्रद्धेच्या शिस्तीचा उपयोग करून त्याच्या वस्तीतील पुढील पिढ्यांचे तोंड बंद करण्यात आले. म्हणून धर्मांतराचा इतिहास लिहिताना केवळ 'काय दिले' आणि 'काय घेतले' असा जमाखर्च मांडून भागत नाही. दिलेल्या गोष्टीवर पुढे कोणाचा हक्क चालला, हे प्रत्येक प्रसंगी विचारावे लागते.

2005 मध्ये न्यूफाउंडलंड आणि लॅब्राडोर प्रांताच्या शासनाने या स्थलांतराबद्दल माफी मागितली. 2009 मध्ये ओसाड हिब्रॉनमध्ये स्मारक उभे राहिले. त्यावर माफी कोरली आहे आणि तिला विस्थापितांनी दिलेले उत्तरही. ते उत्तर क्षमेचे आहे. क्षमा हा शब्द त्यांनी याच मंदिरात शतकभर ऐकला होता. या वेळी तो उच्चारायचा की नाही, हे मात्र त्यांनी स्वतः ठरवले.