निर्गमनानंतरचा लेखक

‘लेखकाचा मृत्यू’ ही कल्पना आपल्या समीक्षेत आता इतकी रुळली आहे, की तिच्यामागचा मूळ प्रश्न बऱ्याचदा नजरेआड होतो. रोलां बार्थने १९६७ मध्ये अर्थनिश्चितीचा अधिकार लेखकाकडून काढून वाचकाकडे सोपवला. मिशेल फूकोने १९६९ मध्ये त्यापुढचा प्रश्न विचारला : लेखक नाहीसा झाल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागेत कोणती कार्ये चालू राहतात? परंतु जी संहिता वाचकाने बदलून वापरावी म्हणूनच लिहिली जाते, तिचा लेखक हयातीतच तिच्यापासून दूर केला गेला तर काय घडते? ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळाच्या इतिहासात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या गावातील टीएसआर ही कंपनी त्याची प्रकाशक होती. टेबलाभोवती बसलेल्यांपैकी एकजण काल्पनिक जगातील प्रसंग कथन करतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने कृती सांगतात आणि शंकास्पद कृतीचा निकाल फासे देतात, असे त्याचे स्वरूप. छापलेले नियम ही येथे केवळ सामग्री असते. कथा घडते ती खेळणाऱ्यांच्या बोलण्यात. उरलेली कल्पना खेळाडूंनी स्वतःच करावी, असे आवाहन मूळ पुस्तिकांच्या समारोपात होते.

वाचकांनी हे आवाहन गंभीरपणे घेतले. १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड हिने ‘अलॅरम्स अँड एक्सकर्शन्स’ हे हौशी नियतकालिक सुरू केले. त्यात खेळाडू आपापले पाठभेद प्रसिद्ध करीत आणि एकमेकांच्या पाठांवर भाष्येही लिहीत. आरंभी गायगॅक्सनेही या वैविध्याचे पत्र लिहून स्वागत केले. मात्र १९७८ मध्ये त्याने कंपनीच्या ‘ड्रॅगन’ मासिकातून अशा हौशी लेखनावर कठोर टीका केली, आणि १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये सर्वत्र एकसारख्या नियमांचा पुरस्कार केला. वाचकाला मुक्त करणारा लेखक अवघ्या चार वर्षांत प्रमाणपाठाचा रक्षक झाला होता.

या काळात एक निर्गमन होऊन गेले होते. आर्नसन १९७६ मध्येच टीएसआरमधून बाहेर पडला. श्रेय आणि मानधन यांसाठी त्याने १९७९ मध्ये दावा लावला व १९८१ मध्ये तडजोड झाली. पण त्याच्या जाण्याभोवती पुढे गायगॅक्सभोवती उभी राहिली तशी शोककथा उभी राहिली नाही. याचे कारण त्याच्या योगदानात शोधणे चुकीचे ठरेल. ते संहितेच्या पृष्ठभागावर आहे. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या विशेषणासह निघालेल्या नव्या ग्रंथांवर एकट्या गायगॅक्सचे नाव होते. त्यांतील निवेदक प्रथमपुरुषी होता : जुनाट शब्दांचा शौकीन, विषयांतरप्रिय, मधूनच वाचकाला दटावणारा. या शैलीसाठी वाचकांनी पुढे ‘गायगॅक्सियन’ असे विशेषणच घडवले. आर्नसनचा असा आवाज छापील पानावर नव्हता. ज्याचा आवाज ऐकला नाही, त्याचे मौन वाचकाला जाणवत नाही.

ऑक्टोबर १९८५ मध्ये संचालक मंडळाने गायगॅक्सला पदावरून दूर केले. कंपनीची सूत्रे लोरेन विल्यम्स हिच्याकडे गेली. गायगॅक्स न्यायालयात हरला आणि पुढल्या वर्षी त्याने टीएसआर सोडली. नोव्हेंबर १९८५ च्या ‘ड्रॅगन’मध्ये त्याने दुसऱ्या आवृत्तीचा आराखडा मांडला होता, ती आवृत्ती प्रत्यक्षात रचली डेव्हिड ‘झेब’ कुकने. कुकने फेब्रुवारी १९८७ मध्ये ‘कोण मरणार?’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून कोणते पात्रवर्ग गाळावेत याची चर्चा सुरू केली, आणि वाचकांच्या पत्रांचा ओघ सुरू झाला. १९८९ च्या आवृत्तीत मारेकऱ्याचा वर्ग आणि अर्ध-ऑर्क वंश गाळला गेला. नरकातील दैत्यांची जुनी नावेही गेली व १९९१ मध्ये ते दैत्य नव्या नावांनी परतले. या बदलांमागे १९८० च्या दशकात धार्मिक गटांनी खेळाविरुद्ध उठवलेले काहूर होते. जुन्या निष्ठावंत वाचकांनी मात्र ते मूळ संहितेतील प्रक्षेप मानले. जे वाचक आपल्या टेबलावर दर आठवड्याला नियम मोडत होते, तेच आता मूळ पाठाच्या शुद्धतेचा आग्रह धरू लागले.

हा आग्रह किती डळमळीत पायावर उभा होता, हे १९८५ च्याच ‘ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स’ या ग्रंथावरून दिसते. त्यावर गायगॅक्सचे नाव प्रमुख होते. लेखनाचा मोठा भाग कुकचा होता. कुकच्या हातून खेळाचा आत्मा हरवला असे म्हणणाऱ्यांनी त्याचेच गद्य गायगॅक्सच्या नावाखाली वाचलेले होते. फूकोच्या परिभाषेत सांगायचे तर नाव हे येथे उगमाचा पुरावा नव्हते. स्वीकाराची अट होते.

निर्गमनाच्या तडजोडीत तर नावांचीच वाटणी झाली. स्वतःच्या नावाची अक्षरे फिरवून केलेली ‘झॅगिग’, ‘यिराग’ यांसारखी नावे आणि गॉर्ड हा नायक गायगॅक्सकडे राहिला. ग्रेहॉकचे जग आणि त्यातील इतर पात्रे कंपनीकडे गेली. परिणामी १९८८ मध्ये दोन विलक्षण ग्रंथ निघाले. वाचक वर्षानुवर्षे ज्याची वाट पाहत होते तो ग्रेहॉकचा किल्ला टीएसआरने अनेक लेखकांकडून विडंबनाच्या रूपात लिहवून घेतला. चाहत्यांना तो अवमान वाटला. त्याच वर्षी गायगॅक्सने गॉर्डमालिकेच्या अखेरच्या कादंबरीत आपल्या त्या जगाचा नाशच केला. तरीही कंपनीच्या पुस्तकांत ते जग अबाधित चालू राहिले. निर्माता विश्वाचा प्रलय घडवतो आणि विश्वाला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण विश्वाची मालकी अन्यत्र असते : लेखकाचा मृत्यू येथे करारपत्रावर सही करून झाला होता.

चाहत्यांचा प्रतिसाद अखेर शोकाकडून पाठरक्षणाकडे वळला. २००० मध्ये खेळाच्या नव्या मालकाने, विझर्ड्स ऑफ द कोस्टने, खुला परवाना जाहीर केला. त्याच्या आधारे २००६ मध्ये ‘ऑस्रिक’ या नावाने पहिल्या आवृत्तीच्या नियमांची पुनर्मांडणी झाली. अमेरिकन कायदा खेळाच्या पद्धतीला स्वामित्वहक्क देत नाही, शब्दयोजनेला देतो. त्यामुळे पुनर्मांडणी करणाऱ्यांना नियम घेता आले, वाक्ये घेता आली नाहीत. ज्या आवाजामुळे गायगॅक्स ‘लेखक’ झाला, तोच या पुनरुज्जीवनातून वगळावा लागला. तो २००८ मध्ये वारला. २०१२ मध्ये कंपनीने जुने ग्रंथ त्याच्या स्मारकनिधीच्या साहाय्यार्थ पुन्हा छापले. बहिष्कृत लेखक आता अधिकृत पूर्वज झाला होता.

२०२५ मध्ये जेरेमी क्रॉफर्ड आणि क्रिस पर्किन्स हे रचनाकार विझर्ड्समधून बाहेर पडून डॅरिंग्टन प्रेसमध्ये गेले, तेव्हा जुना प्रश्न नव्या रूपात समोर आला. क्रॉफर्डची ट्विटरवरील उत्तरे काही वर्षे नियमांचा अधिकृत अर्थ मानली जात. २०१९ मध्ये कंपनीनेच तो दर्जा काढून घेतला. रचनाकार कंपनीत असतानाच त्याचा अभिप्राय आणि संहिता यांच्यात रेषा ओढली गेली होती. वाचकाला तिची जाणीव तो बाहेर पडताना होते.

या इतिहासावरून बार्थ चुकला, असे म्हणण्याचे कारण नाही. वाचकाचे स्वातंत्र्य या खेळात प्रत्यक्ष अनुभवाला येते. परंतु स्वातंत्र्याला ज्याच्यापासून दूर जायचे असा कोणीतरी लागतो, आणि तो हयात अधिकारी असण्यापेक्षा अन्याय झालेला अनुपस्थित असणे अधिक सोयीचे असते. जोवर गायगॅक्स आज्ञा देत होता तोवर वाचक त्याला विरोध करीत होते. तो गेल्यावर त्याच्या आज्ञा परंपरा झाल्या. या परंपरेची किंमत आर्नसनने आणि कुकसारख्यांनी मोजली : एकाची उणीव पुरेशी भासली नाही, दुसऱ्याचे असणे खुपत राहिले. वाचकांचे दुःख खरे होते. पण कोणासाठी दुःख करायचे, हे मुखपृष्ठावरील नावाने आधीच ठरवून ठेवले होते.